ओल्या घोडीची थंडी

गोंदियात बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान कुठं नोंदलं गेलं अशी बातमी आली की आम्ही आधी गोंदियाचं नाव शोधतो, आणि बऱ्याचदा ते असतंच. पारा आठवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, गावोगावी तलाव. पहाटे धुकं असं दाटतं की फजरच्या नमाजला जाताना पुढच्या माणसाचं फक्त खोकणं ऐकू येतं. ही थंडी माणसाच्या अंगात कशी शिरते ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्याच्या अंगात कशी शिरते, हे जाणणारी घरं मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यातलं एक माझ्या मामूंचं.

नाना स्टेशनवर टांगा हाकायचे. ऑटो आले, टांगे गेले. मामूंनी टांगा विकला, पण घोडं काही सुटलं नाही. वरातीसाठी पांढरी घोडी ठेवली. आत्ता आहे ती तिसरी, चांदनी. हे काही आमच्याच घरचं नाही. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, 2019 मध्ये ते 3 लाख 40 हजारांच्या आसपास आले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बग्ग्यांवर 2015 मध्ये हायकोर्टाने बंदी आणली. छोट्या शहरांत घोड्याला काम उरलं ते नवरदेवाचं. चांदनी पोवारांच्या लग्नाला जाते, कुणब्यांच्या जाते, बौद्धांच्या जाते. मुसलमानांच्या लग्नाला सर्वांत कमी. आमच्या मशिदीत दर लग्नसराईच्या तोंडावर बँडबाजा आणि वरातीवरच्या फुजूलखर्चीविरुद्ध बयान होतं. मामू पहिल्या सफीत बसून मान डोलावत ते ऐकतात, आणि मगरीबनंतर वरातीची ऑर्डर घ्यायला जातात.

आता बर्फाकडे येतो. दर हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात काश्मिरी शालवाले येतात. डोक्यावर गठ्ठा, सायकलवर गठ्ठा, तीन-चार महिने खोली घेऊन राहतात आणि मार्चला परत जातात. त्यातला एक तरुण मामूंकडे बसायला यायचा. शाल विकायला नव्हे, घोडी बघायला. त्याचा थोरला भाऊ सोनमर्गला पर्यटकांसाठी तट्टं चालवतो. दोघांची पहिली भेट झाली तेव्हा मी तिथं होतो. त्याने चांदनीच्या छातीवर, मग कोपराच्या आत हात घातला आणि म्हणाला, "चाचा, ये तो ठंडी है।" मामूंना राग आला. आठ अंशांत उभ्या घोडीबद्दल बर्फातल्या पोराने बोलावं! ते म्हणाले, "तुम्हारे यहाँ तो जम जाती होगी।" तो म्हणाला, "नहीं चाचा, हमारे यहाँ सूखी रहती है।"

या एका वाक्यावर दोघांची तीन हिवाळ्यांची दोस्ती उभी आहे. मी मध्ये बसून ऐकत आलो, आणि नंतर घरी येऊन वाचत आलो.

घोडा थंडीला घाबरणारं जनावर नाही. दिवस लहान व्हायला लागले की त्याच्या अंगावर हिवाळी केस चढायला लागतात. थंडी वाजली की ते केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तीच त्याची गोधडी. शालवाला सांगायचा, उघड्यावर सोडलेल्या तट्टाच्या पाठीवर बर्फ पडून तसाच साचून राहिला तर मालक निर्धास्त असतो. अंगातली ऊब बाहेर येत नाही म्हणून तर बर्फ वितळत नाही. पाठीवरचा बर्फ विरघळून पाणी ओघळायला लागलं, की मात्र काळजी. अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांच्या घोडेपालकांसाठीच्या पत्रकांत याचे आकडे मिळतात. दाट हिवाळी केसांचा, कोरडा घोडा साधारण उणे 8 अंश सेल्सिअसपर्यंत जास्तीचं खाणं न जाळता तग धरतो. तोच घोडा भिजलेला असेल, किंवा त्याचे केस उन्हाळ्यासारखे आखूड असतील, तर ही मर्यादा थेट अधिक 15 अंशांवर येते. भिजलेले केस अंगाला चिकटतात, आतली हवा निघून जाते. म्हणजे सोनमर्गला उणे पाचात कोरडं उभं असलेलं तट्टू मजेत, आणि गोंदियात अधिक आठात ओली उभी असलेली घोडी संकटात. तो पोरगा बरोबर होता.

आणि वरातीची घोडी ओली का असते? कारण ती पांढरी असते. रात्रभर ज्या शेणामुतात बसली त्याचे पिवळे डाग कुल्ल्यांवर, मांड्यांवर येतात. पार्टीला दुधासारखी घोडी हवी, फोटो यायचे असतात. म्हणून संध्याकाळी चार-पाच वाजता शॅम्पू लावून, नळीने धुऊन, ओल्या अंगावरच मखमलीची झूल टाकून घोडी बाहेर काढायची, ही आमच्याकडची सर्रास पद्धत. झूल वरून भरजरी आणि खालून नायलॉन. पाणी सुटायला वाटच नसते. मग तीन तास डीजेपुढे इंच-इंच सरकणं, मध्येच फटाके, घाबरून आणखी घाम. अकराच्या सुमाराला नवरदेव उतरतो, सगळे जेवायला जातात, आणि घोडी मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला वाऱ्यात बांधलेली. हिशेब मिळायला बारा वाजतात. मग दहा-बारा किलोमीटर गावाकडे.

अशाने घोडी मेलेली मी पाहिली आहे. मामूंची नव्हे, दुसऱ्या एका तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाची. एका रात्रीत दोन वराती केल्या होत्या, दोन्ही वेळा धुऊन. सकाळी तिने पाण्याला तोंड लावलं नाही, दुपारी पोटाकडे वळून बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन खरवडू लागली. संध्याकाळी आडवी पडून लोळली. पोटशूळ. थंडीत घोडं गार पाणी कमी पितं. कोरडं तणस खातं. आतड्यात गोळा बसतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे माणसासारखं ओकून मोकळं होणं त्याच्या नशिबात नाही. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, तेल दिलं, पण उशीर झाला होता. दीड लाखाची घोडी, त्यातलं निम्मं कर्ज. मालक दोन्ही हातांनी तिच्या कानांना धरून बसला होता, कान गार पडले होते म्हणून. त्यानंतर त्याने वरात सोडली. आता तो धानाच्या गिरणीत पोती उचलतो.

मामूंनी तेव्हापासून नियम केला: कार्तिक ते माघ, दुपारी बारानंतर घोडीला पाणी लावायचं नाही. धुवायची असेल तर सकाळी दहाला, ऊन असेल तरच, आणि कोरडी होईपर्यंत उन्हात फिरवायची. संध्याकाळचे डाग कोरडेच काढायचे. त्यासाठी त्यांच्याकडे दोनच वस्तू आहेत, खरारा आणि शंखजिऱ्याची पूड. डागावर पूड चोळायची, थोडा वेळ ठेवायची, मग खराऱ्याने आणि तणसाच्या बोळ्याने झाडायची. अगदी दुधासारखी नाही, पण विजेच्या माळांच्या उजेडात कुणाला फरक कळत नाही. तरी बँडपार्टीवाल्याला कळतो. तोच पार्टीकडून घोडीची ऑर्डर घेतो आणि कमिशन कापतो. यंदा नोव्हेंबरात त्याने मामूंच्या चार ऑर्डरी दुसऱ्याला दिल्या. "चाचा, तुमची घोडी मळकी दिसते," म्हणाला. चार ऑर्डरी म्हणजे चांदनीचा महिन्याभराचा खुराक. मामीने त्या दिवशी मामूंशी बोलणं बंद केलं होतं. तिचंही चुकत नव्हतं, घर तीच चालवते.

वरातीनंतर मामू जे करतात ते मला त्या धंद्यातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. झूल काढली की घोडीला लगेच बांधायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवायचं, श्वास खाली बसेपर्यंत. मग कोरड्या तणसाचा जाड थर तिच्या पाठीवर पसरायचा आणि त्यावर बारदान टाकून सैल बांधायचं. गिरण्यांच्या गावात बारदानाला तोटा नाही. तणसाच्या पोकळीतून हवा खेळते, घामाची वाफ वर निघते, बारदानाची बाहेरची बाजू ओली होते आणि आतून घोडी कोरडी होत जाते. तासाभराने तणस काढून फेकायचं, कोरडं बारदान घालायचं. परदेशी पुस्तकांतही ही युक्ती आहे, हे मला फार नंतर कळलं. मामूंना ती नानांनी दिली, नानांना कुणी दिली ते माहीत नाही. मग कोमट पाणी, थोडं थोडं. मग चारा. दाणा मात्र सर्वांत शेवटी. चाऱ्यातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्या आंबण्यातून रात्रभर ऊब निघत राहते. दाण्याने ती तितकी मिळत नाही. म्हणून थंडीच्या रात्री मूठभर चणे वाढवण्यापेक्षा पेंढीभर गवत वाढवावं.

हे सगळं होईस्तोवर रात्रीचे दोन वाजतात. एकदा मी वैतागून विचारलं की सकाळी केलं तर नाही का चालणार. मामू शेवटी आपल्या मफलरीने चांदनीचे डोळे आणि नाकपुड्या पुसत होते. त्यांनी मला इमाम मालिक यांच्या मुवत्तातली रिवायत सांगितली: प्रेषित हजरत मुहंमद (स.) आपल्या चादरीने घोड्याचं तोंड पुसताना दिसले, कुणी कारण विचारलं, तेव्हा घोड्यांच्या बाबतीत रात्री आपल्याला समज दिली गेली, असं त्यांनी सांगितलं. "उनको समझाइश हुई थी," मामू म्हणाले, "तो हम कौन?" धावत्या घोड्यांच्या नावाची एक अख्खी सूरत कुराणात आहे, आदियात. आपण ती पोरांकडून पाठ करून घेतो आणि घोडं दिसलं की मोबाइल काढतो.

खुरांबाबत मात्र मामूंना त्या शालवाल्याकडून शिकायला मिळालं. बर्फात नाल मारलेल्या घोड्याची गंमत अशी होते की लोखंडी नाल आणि तळवा यांच्या खोबणीत बर्फ भरतो, पावलागणिक दाबला जाऊन दगडासारखा घट्ट होतो, आणि घोडा चार गोळ्यांवर उभा राहतो. घोटा मुरगळतो, स्नायू ताणले जातात, उतारावर घसरला तर स्वारासकट जातो. त्याचा भाऊ बर्फाच्या दिवसांत नाल काढूनच टाकतो; काढता येत नसेल तर तळव्याला चरबी किंवा तेल चोळतो, आणि खिशात खूर कोरायची आकडी ठेवतो. दर थांब्यावर चारी पाय उचलून बघायचे. निसरड्यावर दौड नाही, फक्त चाल. लगाम सैल, कारण घोडा तोल मानेने सांभाळतो. मान धरून ठेवली की त्याचा हातच बांधल्यासारखं. ताज्या बर्फाखाली खड्डा आहे की ओढा, ते दिसत नाही, म्हणून मळलेली वाट सोडायची नाही. आणि खालचा बर्फ काचेसारखा झाला असेल तर प्रवाशाला सरळ उतरवून पायी चालवायचं, तो कितीही कुरकुरला तरी.

मामूंनी हे ऐकून मांडवाच्या दाराचं वर्णन केलं. सिमेंटचा रस्ता, त्यावर सांडलेलं पाणी, झेंडूच्या पाकळ्या, वर प्लास्टिकचा लाल गालिचा. लोखंडी नालीला हे बर्फाइतकंच वाईट. वर बसलेला नवरदेव हातातली तलवार सांभाळू की लगाम अशा अवस्थेत, घाबरून दोन्ही खेचतो. तेव्हापासून मामू लगाम नवरदेवाच्या हातात देतच नाहीत, खोगिराची मूठ धरायला सांगतात, आणि गालिच्याच्या आधीच त्याला उतरवतात. वऱ्हाडी ओरडतात, व्हिडिओवाला ओरडतो. मामू ऐकू न आल्यासारखं करतात. पौषात लग्नं नसतात, तेव्हा त्यांनी चांदनीच्या नाली काढायला सुरुवात केली. खुरांना विसावा मिळतो आणि दर पाच-सहा आठवड्यांचा नालबंदाचा खर्चही एकदा वाचतो.

पौष ही दुसरीच भानगड. काम नाही म्हणून घोडी दावणीला उभी, आणि मालक प्रेमाने दाणा तेवढाच घालत राहतो. मग माघात पहिल्याच वरातीला मागचा भाग लाकडासारखा कडक, लघवी कॉफीच्या रंगाची, पाऊल उचलेना. इंग्रज याला सोमवारचा रोग म्हणत, कारण रविवारी सुट्टी खाऊन सोमवारी जुंपलेल्या घोड्यांना तो व्हायचा. उपाय साधा आहे: सुट्टीत दाणा कमी, चारा तोच, आणि रोज मोकळं सोडणं.

पण मोकळं सोडायचं कुठं? धान निघाल्यावर बांध्या रिकाम्या दिसतात, त्यात सोडावं असं वाटतं. रिकाम्या त्या नसतात. आमच्याकडे उभ्या धानातच लाखोळी टाकतात. धान कापलं की खालून ती हिरवीगार वर येते, उरलेल्या ओलीवर वाढते. कोरडं तणस खाऊन कंटाळलेल्या घोडीला ती मिठाईसारखी. बैल खातात, त्यांचं फारसं बिघडत नाही. घोड्याला मात्र लाखोळी महिना-महिनाभर पोटात गेली तर मागचे पाय लुळे पडतात आणि गळ्याची नस जाते. पळताना श्वासाला घर्र-घर्र आवाज येतो, दम कोंडतो. शिवाय जंगलाकडच्या गावांत रानडुकरांसाठी तारेत चोरून वीज सोडणारे आहेत, धुक्यात ती तार घोडीलाही दिसत नाही. म्हणून मामू सकाळी दहानंतर, धुकं फाटल्यावर, स्वतः तार आणि धुरे बघून आलेल्या एकाच पडीत चांदनीला सोडतात आणि खाटेवर बसून राहतात. दंव सुकेपर्यंत तर नाहीच.

गिरणीतल्या कोंड्याबद्दलही सांगायला हवं, कारण गोंदियात तो स्वस्त मिळतो आणि थंडीत "ताकद यावी" म्हणून लोक तोबरा भरभरून देतात. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं. जबडा सुजतो, चेहरा फुगल्यासारखा दिसतो, पाय लंगडतात. युरोपात याला पूर्वी गिरणीवाल्याच्या घोड्याचा रोग असंच म्हणायचे. आमच्या अख्ख्या शहराला लागू पडेल असं नाव.

यंदा शालवाला उशिरा आला. 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यांच्यासोबत मेला सय्यद आदिल हुसेन शाह, घोड्यावरून पर्यटकांना वर नेणारा, हल्लेखोरांना अडवायला गेलेला. त्यानंतर देशात काही ठिकाणी काश्मिरी फेरीवाल्यांना जे भोगावं लागलं ते त्याने ऐकलं होतं, म्हणून घरचे त्याला सोडत नव्हते. मोहल्ल्यात आला तेव्हा आधी दोन दिवस गठ्ठा घेऊन बाहेरच पडला नाही. मामूंनी विचारलं ते घोड्यांचं. तर हल्ल्यानंतर अठ्ठेचाळीस पर्यटनस्थळं बंद झाली होती, मोसम गेला. भावाची तीन तट्टं होती, एक विकलं. उरलेली दोन उन्हाळाभर कमाईशिवाय, म्हणजे दाण्याशिवाय, निव्वळ गवतावर राहिली. "बरगड्या मोजता येतात," तो म्हणाला. मामू एकदम गप्प झाले. घोड्याची थंडी जानेवारीत ठरत नाही, भादवा-आश्विनात ठरते. अंगावर तेव्हा चरबी चढली नसेल तर वरचे केस कितीही दाट असोत, आत जाळायला काही नसतं. आणि दाट केसांखाली हाडं लपतात, नजरेला कळत नाही. हात घालून बरगड्या चाचपाव्या लागतात.

मामूंनी त्याला भावाशी फोनवर बोलायला लावलं. अर्धा तास हिशेब चालला: किती गवत, पाणी गोठतं तेव्हा दिवसातून किती वेळा फोडतोस, निदान एक वेळ गरम करून दे, बर्फ चाटून घोड्याची तहान भागत नाही, दोघांपैकी हडकुळं आहे त्याला आधी आत घे. पलीकडून हो-हो येत होतं. हे सगळं त्या माणसाला ठाऊक असणारच. शेवटी मामूंनी विचारलं, जू काढायला कुणी आहे का तिकडे, केस वाढले की जू होते. तिकडून हसणं ऐकू आलं.

फेब्रुवारीत लग्नं परत सुरू होतायत. बँडपार्टीवाल्याने आमगावची एक वरात सांगितली आहे, पैसे चांगले, अट एकच: घोडी संध्याकाळी धुऊन आणायची. मामूंनी त्याला शंखजिऱ्याचं पाकीट दाखवलं. तो उद्या कळवतो म्हणून गेलाय. मामी अजून काही बोललेली नाही, पण काल दुपारी अंगणात बसून ती फाटकी बारदानं शिवत होती.